मांडीवरची गिटार, छपरावरचा कर्णा

गोपाळकृष्ण मास्तरांना एका जागी बसणं माहीत नव्हतं, आणि नशिबानं त्यांना वाद्य दिलं ते नेमकं बसून, मांडीवर आडवं घेऊन वाजवायचं. तुळजापूरच्या शाळेत ते येरझारा घालत शिकवायचे. पोरं म्हणायची, मास्तरांचा भूगोलाचा तास झाला की निम्मी पृथ्वी चालून होते. पण घरी येऊन गिटार मांडीवर घेतली, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरली आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवल्या, की हाच माणूस दिवेलागण होईपर्यंत हलत नसे. तारांवरून कांडी सरकायची आणि सूर एकातून दुसऱ्यात ओघळत जायचा. हैदराबादेत शिकायला होते तेव्हा ही गिटार त्यांनी जुन्या बाजारातून घेतली होती. ती तुळजापुरात आली तेव्हा गल्लीतल्या बाया दारातून डोकावून गेल्या, आणि समोरच्या धुरपदाबाईंनी निकाल दिला, "गोपाळ कापडाबिगर इस्त्री करतोय बाई."

ते हसण्यावारी नेता आलं. वडिलांचं मात्र नेता आलं नाही.

बाबूराव उपाध्ये म्हणजे गावातलं जुनं नाव. देवीला येणाऱ्या यजमानांची पूजा सांगायची, अभिषेक करायचा, त्यांना घरी जेवू घालायचं, हे त्यांचं आयुष्य. आवाज खणखणीत. मुलगा मास्तर झाला हे त्यांनी कसंबसं गिळलं, पण गिटार काही घशाखाली उतरेना. "घंटा हाय, संबळ हाय, नगारा हाय. यात काय कमी पडलं म्हणून हे लाकूड आणलंस?" एवढं एकदाच बोलले. त्यानंतर मुलानं गिटारीची खोळ सोडली की हे उपरणं खांद्यावर टाकून बाहेर पडायचे. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं निघून जायचं. अशी बरीच वर्षं गेली, आणि मास्तरांच्या मनात ती पाठमोरी उपरण्याची आकृती कायमची बसून राहिली.

मग बाबूरावांचे कान जायला लागले. आधी बारीकसारीक गेलं, मग माणसांचं बोलणं गेलं. घरात सगळे ओरडून बोलायला लागले. मास्तरांची बायको प्रेमला मुळात हळू आवाजाची. तीही सासऱ्यांना "अण्णाऽ, पानं घेतलीऽ" असं गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगायची आणि नंतर पदरानं तोंड पुसायची. बाबूराव स्वतः तर सगळ्यांच्या वरताण ओरडायचे. ज्या श्रावणात त्यांना स्वतःच्या हातातली घंटा ऐकू येईनाशी झाली, त्या श्रावणात एक दिवस जेवताना, मान वर न करता ते म्हणाले, "काय वाजवतोस रे तू ते? एकदा ऐकव मला."

मास्तरांचा घास हातातच राहिला. ऐकू येत होतं तेव्हा ऐकलं नाही, आणि आता ऐकायचंय! राग आला, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं त्यांनी ताकाचं भांडं उगाच उचलून परत ठेवलं. त्या दुपारीच त्यांनी अण्णांच्या डाव्या कानाशी बसून जीव तोडून वाजवलं. अण्णांनी डोळे मिटून, मान तिरकी करून वाट पाहिली आणि म्हणाले, "हं, कर सुरू."

सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डाव्या कानात थोडं उरलंय, तेही जाईल, कधी ते सांगता येत नाही. कानाला लावायचं यंत्र आणलं, तर अण्णांनी ते देव्हाऱ्यात कापराच्या डबीशेजारी ठेवून दिलं. म्हणाले, त्यात नुसतं दळण दळल्यासारखं होतं.

एक गोष्ट मात्र सगळ्या गल्लीला चकित करायची. घराची पुढची दगडी पायरी देवळाच्या तटाला लागून होती. पहाटे अण्णा त्या पायरीवर तळहात टेकून बसायचे आणि नगारखान्यात पहिली टिपरी पडली की लगेच ओरडायचे, "सुरू झालं!" कधी चुकले नाहीत. मास्तर म्हणायचे, जन्मभराची सवय, दुसरं काय. यापुढं त्यांनी विचार केला नाही. विचार करायला बसावं लागतं, आणि ते बसत नव्हते.

दुसरीकडं मास्तरांच्या पार्टीची तऱ्हा. पार्टी म्हणजे तिघंच. तबल्यावर गोरोबा, पेटीवर कचेरीतला कारकून गुरुलिंग आणि गिटारीवर मास्तर. गणपतीत, लग्नाकार्यात कुणी बोलावलं तर जायचे. यंदा बेंबळीच्या गणपतीत कार्यक्रम झाला. समोर तोबा गर्दी. तबला घुमला, पेटी रंगली, आणि मास्तरांनी जीव ओतलेली गिटार पहिल्या रांगेतसुद्धा पोचली नाही. शेवटी नारळ देताना गावचे पाटील प्रेमानं म्हणाले, "ह्ये तिसरे पाव्हणे नुसतेच बसलेत. त्यान्ला बी काय तरी वाजवू द्या की."

परतीच्या बैलगाडीत गोरोबा हसू दाबत होता. मास्तर गाडीतून उतरून पायी चालायला लागले.

"मास्तर, आवाज वाढवायचं मशीन घ्या," गोरोबा मागून ओरडला. "मशीनबिगर तुमचं काय खरं न्हाय."

"घेणार आहे," मास्तर म्हणाले. "दिवाळीच्या पाडव्याच्या आत घेणार आहे. पाडव्याला आपल्या दारात कार्यक्रम, आणि पहिल्या रांगेत अण्णा."

त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. अण्णांचा उरलासुरला कान कधी मिटेल याचा नेम नव्हता. रोज सकाळी उठल्या उठल्या ते अण्णांच्या मागं उभं राहून टाळी वाजवायचे. अण्णा कधी वळायचे, कधी वळायचे नाहीत. वळले की मास्तरांचा दिवस बरा जायचा. वळले नाहीत त्या दिवशी शाळेत पोरांना मार बसायचा, आणि मग मास्तर मधल्या सुट्टीत त्यांना शेंगदाणे वाटायचे.

खिसा हलका. कार्यक्रमांचं जमलेलं होतं, शिकवण्यांचं थोडं होतं, आणि प्रेमलानं, "माझी शिलाईची मशीन पुढच्या वर्षी बघू, तुमची मशीन आधी आणा," असं म्हणून डब्यातलं काढून दिलं होतं. नवं कोरं घ्यायची ऐपत नव्हती. सोलापुरात हणमंतप्पांचं दुकान होतं. रेडिओ दुरुस्त करायचे आणि जुनी मशिनं विकायचे. मास्तर गोरोबाला घेऊन एसटीनं तिथं पोचले. गिटार मांडीवर, आणि मांडीखाली पाय सारखा हलतोय.

हणमंतप्पांनी दोन मशिनं दाखवली. परवडतील अशी दोनच होती.

पहिलं मशीन म्हणजे लाकडी पेटी. पुढं जाळीचं कापड, आत मोठा गोल स्पीकर, मागं काचेचे दिवे. दिवे तापून लाल झाले, हणमंतप्पांनी माईक गिटारीपुढं धरला आणि मास्तरांनी कांडी सरकवली. जसा सूर हातात होता तसाच, पण अंगापिंडानं भरून बाहेर आला. फळीवरचे स्क्रूचे डबे थरथरले. मास्तरांचा हात पेटीवर पडला आणि मनगटापासून कोपरापर्यंत बारीक मुंग्या आल्या. त्यांनी हात काढून घेतला.

"लई ग्वाड हाय," गोरोबा म्हणाला. "मास्तर, ह्येच."

"ऐकू किती लांब जाईल?" मास्तरांनी विचारलं.

"मंडपभर जातंय की ओ," हणमंतप्पा म्हणाले. "त्याच्या पुढं न्हाई. आणि विजेवरच चालतंय बघा, बॅटरीवर न्हाई."

दुसरं मशीन पत्र्याचं, त्याच्यासोबत एक भलामोठा कर्णा. बॅटरीवरही चालायचं. कर्णा दुकानाच्या दारात रस्त्याकडं तोंड करून ठेवला आणि मास्तरांनी वाजवलं. रस्त्यावरचा टांगेवाला दचकला, घोडा बिचकला, पलीकडच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. आवाज पत्र्यासारखा, चिरका. गिटार आहे की कुणी मांजराच्या शेपटीवर पाय दिलाय, कळू नये.

"छ्या," गोरोबा म्हणाला.

मास्तर दुकानात फेऱ्या घालायला लागले. लाकडी पेटीपाशी थांबायचे, कर्ण्यापाशी जायचे, परत पेटीपाशी. हणमंतप्पांनी चहा मागवला, तो त्यांनी उभ्यानं घेतला. शेवटी "विचार करून येतो" म्हणून बाहेर पडले, एसटीत बसले, गाडी गावाबाहेर पडताच कंडक्टरला थांबवायला लावून उतरले आणि गोरोबाला ओढत उन्हातान्हात परत दुकानात आले.

"काय ठरलं?" हणमंतप्पांनी विचारलं.

"कर्णा."

"मास्तर," गोरोबा कळवळून म्हणाला, "आवो तुमी वाजिवताय ते त्यात न्हाय. त्यात नुसतं वरडणं हाय."

"बहिऱ्या माणसाला ओरडूनच सांगावं लागतं, गोरोबा. गोडवा घेऊन काय करू? आमच्या घरात कुणी गोड बोलत नाही आता, सगळे ओरडतात."

गोरोबानं कर्णा उचलून पुढं केला. हणमंतप्पांनी मात्र कर्णा गोणपाटात बांधता बांधता बजावलं, "परत घेणार न्हाई हां मास्तर. नंतर म्हणू नका."

पाडवा उजाडला. सकाळी मास्तरांनी मागं उभं राहून टाळी वाजवली. अण्णा वळले नाहीत. पुन्हा वाजवली. अण्णा गंध उगाळत राहिले. मास्तर तसेच परसात गेले, रहाटाला हात लावून उभे राहिले, आणि मग दुप्पट वेगानं कामाला लागले.

कर्णा छपरावर बांबूला बांधला. उंच बांधला, म्हणजे आवाज अडणार नाही. दारापुढं सडा घातला, सतरंजी अंथरली. अण्णांना कुठं बसवायचं यावर घरात चर्चा झाली. ते नेहमीप्रमाणं पायरीवर जाऊन बसले होते. पण आजच्या दिवशी वडीलधाऱ्यानं पायरीवर बसायचं म्हणजे काय? लोक काय म्हणतील? मास्तरांनी शाळेतली हेडमास्तरांची हातांची खुर्ची आणली. प्रेमलानं तिच्यावर कापसाची जाड गादी घातली, वर शाल अंथरली, पायाखाली पाट आणि पाटावर आसन ठेवलं. अण्णांना हाताला धरून दगडावरून उठवलं आणि त्या मऊ सिंहासनावर नेऊन बसवलं. कोट, टोपी, कपाळाला ठसठशीत गंध. दिसत होते राजासारखे.

ऊन कलायला लागलं तशी गल्ली भरली. देवीला आलेले परगावचे लोकही थांबले. धुरपदाबाई तांदूळ निवडायचं सूप घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. गुरुलिंगानं पेटीवर षड्ज धरला, गोरोबानं हातोडीनं तबला मिळवला, मास्तरांनी माईक बुटका करून गिटारीच्या तोंडाशी आणला आणि सुरुवात केली.

आजच्यासाठी त्यांनी देवीच्या आरतीची चाल बसवली होती. जी चाल अण्णांनी हजार वेळा म्हटली असेल, तीच. कर्ण्यातून ती बाहेर पडली आणि छपरावरचे पारवे उडाले. आवाज चिरका होता, पण होता! गल्लीवरून गेला, तटावरून गेला, पार एसटी स्टँडापर्यंत गेला. लोक माना डोलवायला लागले. एका बाईनं हात जोडले. बेंबळीचे पाटील इथं हवे होते, असं गोरोबाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं.

मास्तर मात्र फक्त अण्णांकडं बघत होते. अण्णा गादीवर ताठ बसले होते, मान थोडी तिरकी, डावा कान पुढं, नजर मुलाच्या बोटांवर. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. मास्तरांनी गोरोबाला डोळ्यानं खुणावलं, गोरोबानं मशीनचं बटण पूर्ण पिळलं. कर्णा किंचाळला. धुरपदाबाईंनी कानावर हात ठेवले.

अण्णा पुढं वाकले. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा त्यांच्या त्या आवाजात, अगदी मायेनं त्यांनी विचारलं, "गोपाळ, किती वेळ सूर लावतोस रे? लोक खोळंबलेत. कर की आता सुरू."

एकदोघांना हसू आलं, पण मास्तरांचं तोंड बघून त्यांनी ते दाबलं. तबला थांबला, पेटीचा भाता तसाच श्वास सोडत बसला. दारात उभ्या प्रेमलाला वाटलं, आता हे उठतील आणि चालायला लागतील, बैलगाडीतून उतरले तसे, आणि यावेळी परत येणार नाहीत.

मास्तर उठलेच. गिटार सतरंजीवर ठेवून उठले, अण्णांच्या खुर्चीपुढून गेले, परत आले, पुन्हा गेले. उभ्या गावाला ऐकू आलं आणि ज्याच्यासाठी केलं त्याला नाही. एवढी शिलाईची मशीन घालवली, एवढे सगळे ओरडलो, आणि माणूस अजून सुरू व्हायची वाट बघतोय! त्यांना त्या कर्ण्याचा, स्वतःच्या अकलेचा, आणि इतकी वर्षं उपरणं टाकून निघून जाणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा असा काही संताप आला की हात थरथरायला लागले.

हात थरथरायला लागले, आणि ते थांबले.

त्यांनी आपल्या हाताकडं पाहिलं. मग मऊ गादीकडं. मग बाजूच्या रिकाम्या दगडी पायरीकडं, जिथून त्यांनीच अण्णांना आदरानं उठवलं होतं.

"अण्णा, उठा," ते म्हणाले. नेहमीसारखे ओरडले नाहीत. ओरडून उपयोग नव्हता. त्यांनी अण्णांचा हात धरला आणि त्यांना सतरंजीवर आणलं. अण्णा गोंधळून गुरुलिंगाकडं, गोरोबाकडं बघत राहिले, पण मुलानं खांदे दाबले तसे मांडी घालून खाली बसले. मास्तर त्यांना चिकटून डाव्या बाजूला बसले, गुडघ्याला गुडघा लावून. माईक आडवा येत होता, तो त्यांनी कोपरानं पलीकडं ढकलला. मशीन बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग त्यांनी गिटार उचलली आणि दोघांच्या मांड्यांवर मिळून आडवी ठेवली. दांडा आपल्या मांडीवर, आणि लाकडाचं पोट अण्णांच्या मांडीवर. अण्णांचे दोन्ही तळहात धरून त्यांनी ते त्या लाकडावर सपाट टेकवले.

या लाकडाला अण्णांनी आजवर बोट लावलं नव्हतं. त्यांचे हात आखडले, पण त्यांनी ते काढून घेतले नाहीत.

मास्तरांनी सगळ्यात जाड तार छेडली. एकच. माईकचं तोंड आता गिटारीकडं नव्हतं, त्यामुळं कर्ण्यात काही आलं नाही. समोरच्या रांगेलासुद्धा नीट ऐकू आलं नाही.

अण्णांच्या भुवया वर गेल्या.

मास्तरांनी पुन्हा तीच तार छेडली, मग कांडी सरकवली, आणि हळूहळू आरतीची चाल धरली. घाईघाई करणारा तो माणूस एकेक सूर विरेपर्यंत थांबत होता. अण्णांनी डोळे मिटले. बोटं लाकडावर अशी दाबून धरली की नखं पांढरी झाली. गोरोबा पुढं सरकून बघत होता, त्याला दिसलं की म्हाताऱ्याचा उजवा अंगठा हलतोय. लाकडावर न वाजणारी टिचकी मारतोय. आरतीत घंटेचा टोल जिथं पडतो, बरोबर तिथं. पुढच्या ओळीलाही तिथंच. त्याच्या पुढच्यालाही.

मास्तरांनाही ते दिसलं. कांडी हातात जागच्या जागी राहिली आणि सूर तुटला.

अण्णांनी डोळे उघडले. आपण कुठं बसलोय, समोर किती माणसं आहेत, याचं त्यांना भान नव्हतं, आणि पलीकडं ढकललेल्या माईकचं तोंड आपल्याकडं वळलंय हे तर त्यांना कळायचं कारणच नव्हतं. त्यांनी मुलाकडं पाहिलं आणि घरात ओरडायचे तसे ओरडले,

"गोपाळ! ऐकू येतंय रे!"

दारातल्या प्रेमलानं ते दोनदा ऐकलं. एकदा अण्णांच्या तोंडून आणि एकदा छपरावरून. कर्ण्यानं ते गल्लीवरून नेलं, देवळाच्या तटावरून नेलं, स्टँडावर गाडीची वाट बघणाऱ्या अनोळखी लोकांपर्यंत नेलं. मास्तरांनी तोंड खाली घातलं होतं. त्यांचे खांदे हलत होते आणि हात तारांवर तसेच पडले होते.

"थांबलास का?" कर्णा सगळ्या तुळजापुरावर ओरडला. "वाजव की!"